डबा ऐसपैस, उपग्रहांच्या साक्षीनं

डबा ऐसपैसचे नियम कुठे छापलेले मी तरी पाहिलेले नाहीत. डबा किती लांब फेकायचा, राज्य घेणाऱ्यानं पन्नास मोजायचे की शंभर, दोघांनी शर्टांची अदलाबदल करून त्याला चकवलं तर ते चालतं की नाही, हे सगळं ज्या त्या चाळीच्या अंगणात ठरत असे. सुटीत मामाकडे गेलं की पहिला अर्धा तास ‘आमच्याकडे असं नाही हं!’ या एका वाक्यावर जायचा. तरीही खेळ व्हायचा, आणि दिवेलागणीपर्यंत चालायचा. मी जिथे जिथे खेळले तिथे एक गोष्ट मात्र सारखी होती. धाकट्या भावंडाला ‘कच्चं लिंबू’ म्हणून घ्यायचं. ते दिसलं तरी बाद नाही, त्याच्यावर राज्य नाही. त्याला लपल्याचा आनंद मिळायचा आणि मोठ्यांचा खेळ अडायचा नाही.

गेली बारा वर्षं मी अमेरिकेत सिएटलच्या आसपास जो खेळ खेळते आहे, त्यात हे कच्चं लिंबू मला वारंवार आठवतं. खेळाचं नाव जिओकॅशिंग. यातल्या ‘कॅश’चा रोकडीशी काही संबंध नाही. लपवणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून तो शब्द आला. रानावनांत फिरणारे शिकारी परतीच्या वाटेसाठी शिधा दडवून ठेवत, त्या साठ्याला हे नाव होतं. खेळ असा: कुणीतरी एक डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीच्यांनी उपग्रहांच्या मदतीनं, म्हणजे पूर्वी जीपीएसच्या हातयंत्रावर आणि आता बहुधा फोनवर, तिथवर जायचं. यंत्र आपल्याला नेऊन सोडतं ते पाचदहा पावलांच्या वर्तुळात. पुढे स्वतःचे डोळे. डब्यात एक वही असते, तीत नाव-तारीख लिहायची. डबा मोठा असेल तर आत पोरासोरांसाठी किरकोळ वस्तू असतात. एखादी घेतलीत तर त्याच तोलामोलाची दुसरी ठेवायची, आणि डबा होता तसा लपवून निघायचं. बक्षीस नाही, पंच नाही.

याचा जन्म अगदी तारखेनिशी सांगता येतो. उपग्रहांच्या नागरी संदेशात अमेरिकेचं संरक्षण खातं मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे सामान्य माणसाचं यंत्र शंभरेक मीटरपर्यंत चुकायचं. १ मे २००० रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ही भेसळ बंद होत असल्याचं जाहीर केलं आणि त्याच रात्री ती थांबली. दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर या गृहस्थानं ऑरेगन राज्यात, पोर्टलंडजवळच्या बीव्हरक्रीक इथे, एक काळी प्लॅस्टिकची बादली रानात ठेवली. आत पुस्तकं, व्हिडिओ, सॉफ्टवेअर, थोडे पैसे, एक गोफण, एक बीन्सचा डबा आणि अर्थातच वही-पेन्सिल. जागेचे आकडे त्यानं संगणकावरच्या मंडळींना कळवले. काही दिवसांतच माइक टीग नावाचा शोधक तिथे पोचला. त्याच वर्षी मे महिनाअखेर मॅट स्टम यानं ‘जिओकॅशिंग’ हे नाव सुचवलं, आणि सप्टेंबरात जेरेमी आयरिश यानं अशा डब्यांची यादी एका ठिकाणी ठेवायला सुरुवात केली. मूळ बादली पुढे गवत कापायच्या यंत्राखाली आली. बीन्सचा डबा मात्र वाचला आणि खेळाडूंच्या मेळाव्यांतून तो गणपतीसारखा मिरवतो.

आज जगभर असे तीस लाखांहून अधिक डबे आहेत. एक तर २००८ साली रिचर्ड गॅरिएट यानं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात नेऊन ठेवला! अर्थात कल्पना तशी जुनीच. इंग्लंडमध्ये डार्टमूरच्या माळावर क्रॅनमिअर पूल नावाची आडबाजूची जागा आहे. तिथे १८५४ साली जेम्स पेरट या वाटाड्यानं एक बाटली ठेवली आणि तिथवर चालत येणाऱ्यांनी आपलं भेटकार्ड तीत टाकायची प्रथा पाडली. त्या ‘लेटरबॉक्सिंग’चा छंद अजून टिकून आहे.

हे सगळं इतकं निरागस दिसतं, की यात भांडायला जागा कुठली असं कुणालाही वाटेल. भांडण कुठून येतं ते पाहायला मला घराबाहेर जावं लागलं नाही.

आमच्या घरात हा खेळ चौघंजणं चार तऱ्हांनी खेळतात. नवरा आकड्यांचा माणूस. प्रत्येक डब्याला दोन बाबतींत तारे दिलेले असतात. शोधायला किती अवघड आणि तिथवरची वाट किती बिकट. दोन्ही एकपासून पाचपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या ताऱ्यानं चढत. म्हणजे नऊ गुणिले नऊ, एक्क्याऐंशी जोड्या. आमच्या फ्रिजवर एक्क्याऐंशी चौकटींचा तक्ता चिकटवलेला आहे आणि त्यातल्या रिकाम्या चौकटी भरणं हे या गृहस्थाच्या सुटीचं एकमेव ध्येय. मुलगी सात वर्षांची असताना या खेळात आली ती आतल्या वस्तूंसाठी. एक रबरी डायनोसॉर देऊन एक चमकता गोटा घेणं, हा तिच्या दृष्टीनं पुरा व्यवहार. डब्यात नुसती वही निघाली की तिचा चेहरा उतरे. मला आवडतात ती कोडी. काही डब्यांचे जाहीर केलेले आकडे मुद्दाम खोटे असतात. शब्दकोडं, मोर्सची टिकटिक, ब्रेलचे ठिपके असं काहीतरी सोडवलं की खरी जागा हाती लागते. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता मी अशी कितीतरी कोडी सोडवली आहेत. खरं सांगायचं तर कोडं सुटलं की माझं निम्म्याहून अधिक काम झालेलं असतं. पुढे जाऊन चिखलात हात घालायची मला फारशी ओढ नसते.

चौथे माझे सासरे. अण्णा डोंबिवलीहून सहा महिन्यांसाठी आले की आमच्याबरोबर निघत, पण डब्याला हात लावायला पहिल्या वर्षी मुळीच तयार नव्हते. ‘बेवारस वस्तूला हात लावू नये’ हे लोकलनं आयुष्य काढलेल्या माणसाच्या हाडात भिनलेलं. झुडपाखाली टेप गुंडाळलेला डबा पाहून ते चार पावलं मागेच सरत. त्यांना हसण्यात अर्थ नव्हता. २०११च्या जुलैत इंग्लंडमधल्या वेदरबी गावात उपाहारगृहाबाहेरचा असाच एक डबा पाहून कुणाला तरी संशय आला, रस्ता रिकामा केला गेला आणि लष्कराच्या बॉम्बशोधक पथकानं तो डबा स्फोटानं उडवून दिला. डब्यावर खेळाचं नाव ठळक लिहावं, पोलीस चौकीच्या किंवा शाळेच्या आसपास तो ठेवूच नये, असं आता लपवणाऱ्यांना बजावलं जातं ते उगाच नाही.

पुढे अण्णांची भीड चेपली ती वहीमुळे. शोधायचं आम्ही, आणि डबा उघडला की त्यांनी बाकावर बसून वही पहिल्या पानापासून वाचायची. कोण कधी आलं, कुणाबरोबर कुत्रा होता, कुणाला पावसानं गाठलं. नाटकाच्या मध्यंतरात वडा खावा तशा चवीनं ते वाचत. शेवटी स्वतः लिहीत, मराठीत, तिथीसकट: ‘वैशाख शुद्ध सप्तमी. हवा ढगाळ. पाऊस नाही. झाड मोठे आहे.’ नंतर येणाऱ्यांपैकी कुणीतरी खाली हमखास विचारलेलं असे, ही लिपी कुठली?

आता या चौघांना एका मोटारीत बसवा! पहिल्या उन्हाळ्यात दर रविवारी एकाचा चेहरा फुललेला आणि तिघांचे पडलेले. नवरा एका दुकानसंकुलाच्या पार्किंगमधले सहा खांब ओळीनं घेऊ पाहायचा. अमेरिकेत दिव्याच्या खांबाच्या बुडाशी पत्र्याचं झाकण असतं, ते उचललं की खाली एक डबी. सहाही ठिकाणी तेच झाकण, तीच डबी. मुलीला त्यात गोटा नाही, मला कोडं नाही, अण्णांना बसायला बाक नाही. शेवटी आम्ही डबा ऐसपैसचाच शब्द उसना घेतला. दर रविवारी एकावर ‘राज्य’. पण आमच्यात ज्याच्यावर राज्य त्यानं जागा निवडायची, बाकीच्यांनी कुरकुर करायची नाही आणि दुपारी दोनला खेळ बंद. बरोबर पोळीभाजीचा डबा हवाच. लहान मूल असेल तर दिवसातला पहिला डबा मोठा नि सोपा असावा, म्हणजे पुढच्या दोन रित्या डब्या ते निभावून नेतं.

घरातलं घरात मिटतं. बाहेर तेच जरा कडू होतं.

या छंदात पंथ बरेच. काहींना नवा डबा जाहीर झाला रे झाला की सर्वांत आधी पोचायचं असतं. त्यासाठी मध्यरात्री पायजम्यावर कोट चढवून निघणारी माणसं मला ठाऊक आहेत. काहींना डबा हे निमित्त आणि चालणं मुख्य. काहींना फक्त संख्या. दोन डब्यांमध्ये किमान ५२८ फूट, म्हणजे १६१ मीटर अंतर असावं असा नियम आहे. तो आहे गर्दी टाळण्यासाठी, पण आकडेबहाद्दरांनी त्याचीच मोजपट्टी केली. २०१० साली नेवाडा राज्यात, परग्रहवासीयांच्या नावानं प्रसिद्ध असलेल्या ३७५ क्रमांकाच्या निर्मनुष्य रस्त्यावर त्या त्या अंतरानं हजाराहून अधिक डब्या ठेवल्या गेल्या. गाडी थांबवा, उतरा, सही करा, चढा, दीडशे मीटर जा, पुन्हा थांबवा. देशोदेशींची माणसं तिथे दिवसरात्र हेच करायला जात. कॅमेऱ्याचे रोल बाजारातून गेले, पण त्यांच्या काळ्या डब्यांचं या खेळानं सोनं केलं.

मला स्वतःला हा प्रकार जपमाळेसारखा वाटतो, तोही देवाचं नाव न घेता ओढलेल्या. पण तो माझा कंटाळा झाला, त्यांचा नव्हे.

आमच्या जवळच्या एका पायवाटेवर एका निवृत्त सुतारानं अठरा डबे लपवले होते. प्रत्येक म्हणजे पक्ष्याचं लाकडी घरटं, आणि प्रत्येक उघडायची युक्ती निराळी. एकात बाटलीभर पाणी ओतावं लागे. आतला चेंडू तरंगत वर आला की त्याच्याबरोबर चावी वर यायची. तिथे जाताना मुलगी आपली पाण्याची बाटली कुणाला पिऊ देत नसे. डबा सापडला की शोधणारा संगणकावर दोन ओळी लिहितो आणि त्या लपवणाऱ्याला टपालासारख्या पोचतात. लपवणाऱ्याला या खेळात मिळतं ते एवढंच. लाकूड त्याचं, बिजागऱ्या त्याच्या, पावसात जाऊन ओली वही बदलायची तीही त्यानंच.

एका शनिवारी दुसऱ्या गावची चार माणसं आली आणि दुपारभरात अठराही डबे उरकून गेली. रात्री सुतारबाबांना बहात्तर संदेश आले. चौघांनी मिळून एकच परिच्छेद लिहिला होता: किती ऊन होतं, मित्रांबरोबर कसा छान दिवस गेला, सर्व लपवणाऱ्यांचे आभार. तो जसाच्या तसा बहात्तर वेळा डकवलेला. पाण्याच्या चावीचा त्यात उल्लेख नव्हता. त्याच आठवड्यात आणखी एका चोखंदळ गृहस्थानं त्यांना कळवलं, की आपण या डब्याला तीन तारे दिलेत, माझ्या मते अडीच पुरेत. शिवाय पेन्सिलीला टोक नाही. महिन्याभरात सुतारबाबांनी सतरा घरटी काढून नेली. भांडले नाहीत, तक्रार केली नाही. पायवाटेवर नुसती झाडं उरली.

पुढच्या मेळाव्यात (महिन्या-दोन महिन्यांनी उद्यानात जमायचं आणि घरून एकेक पदार्थ आणायचा, अशी इथली पद्धत) यावरून तोंडाला तोंड लागलं. एका बाजूचं म्हणणं, ‘आभारी आहोत’ असल्या मजकुरावर बंदीच आणा. इंग्रजीत ‘डब्याबद्दल धन्यवाद’ या चार शब्दांची चार आद्याक्षरं होतात, टीएफटीसी. तेवढीच टाकून पळणाऱ्यांना खेळाडू म्हणू नका. दुसरी बाजू म्हणे, आम्ही काय निबंधस्पर्धेला आलो आहोत?

तेवढ्यात एक बाई बोलल्या. त्या इस्पितळात रात्रपाळीच्या परिचारिका. बारा तास रुग्णांच्या नोंदी लिहून घरी जाताना त्या वाटेवरचे दोन खांब घेतात. ‘झोपण्यापूर्वीची माझी एवढीच दहा मिनिटं असतात,’ त्या म्हणाल्या, ‘आणि तोवर माझ्यातले शब्द संपलेले असतात. चार अक्षरं उरतात, ती मी देते.’ दिव्याच्या खांबांची मी मनातल्या मनात जी टिंगल करत असे, ती त्या दिवसापासून जरा आवरती घेतली. वाटेला एक तारा असलेला डबा चाकाच्या खुर्चीवरून गाठता आला पाहिजे, असा संकेत आहे. पार्किंगमधली ती कंटाळवाणी डबी कुणाच्या तरी आवाक्यातली एकुलती एक असू शकते.

माझं मत विचाराल तर चार अक्षरांनी सुतारबाबा दुखावले नसते. चार अक्षरं खरी असतात. बहात्तर वेळा डकवलेला तो गोड परिच्छेद वाचवेना, कारण तो त्यांना उद्देशून नव्हताच. आणि पेन्सिलीला टोक नाही हे सांगणाऱ्यानं टोकदार पेन्सिल ठेवून यायला किती खर्च येतो?

अर्थात सगळंच आवडीच्या खात्यावर मांडता येत नाही. लांबलचक माळेवर वेळ वाचावा म्हणून काही मंडळी पहिल्या जागची डबी उचलतात, गाडीतच सही करतात, ती दुसऱ्या जागी ठेवतात, दुसरीतली तिसऱ्या जागी. कोण कुठली कुणालाच कळत नाही. काहींना डबा सापडत नाही, म्हणून ते स्वतःच्या खिशातला एक टाकून ‘सापडला’ असं लिहून मोकळे होतात. मागून येणाऱ्याला एकाच जागी दोन डबे! कोड्यांच्या उत्तरांच्या याद्या गुपचूप हातोहात फिरतात, त्याबद्दल मी इथे बोलत नाही, कारण मग पुरवणी पुरायची नाही. नेवाडातली ती माळ वाहतुकीच्या धोक्यामुळे राज्याच्या रस्ते खात्यानं २०११ साली काढायला लावली होती. पुढे ती पुन्हा बसली. राष्ट्रीय उद्यानांत परवानगीवाचून डबा ठेवताच येत नाही. शंभर माणसं एकाच झुडपाभोवती फिरली की तिथे गवत उरत नाही, हे त्यांचं म्हणणं कुणाला खोडता येईल? त्यावर २००४ साली तोडगा निघाला तो मला फार आवडतो. डबाच ठेवायचा नाही. एखाद्या भूवैशिष्ट्यापाशी जायचं, समोरचा खडक नीट पाहायचा आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर धाडायचं. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेनं या प्रकाराला पाठबळ दिलं. आपल्या लोणारच्या काठावर उभं राहून काय काय विचारता येईल, याची एक यादी अण्णांनी मागे केली होती. ‘निसर्गाचा कचरा करू नका’ असं नुसतं सांगण्यापेक्षा २००२पासून खेळाडू जाता-येता पिशवीत कचरा गोळा करतात, तेही त्यातलंच.

बाकीच्या बाबतींत कुणी कुणाला न शिकवता निभावण्याची सोय खेळानंच केलेली आहे. डब्याच्या नावापुढे छोटी चिन्हं असतात: बाबागाडी जाईल, कुत्रा चालेल, विषारी झुडूप आहे, रात्रीच या. नको तो डबा आपल्या यादीतून लपवता येतो. २०१०च्या अखेरीपासून आणखी एक पद्धत आहे. वर्गणीदार खेळाडूला दहा डबे सापडले की एक पसंतीचा गुण मिळतो, आणि तो कुठल्याही एका डब्याला बहाल करता येतो. नऊ वाईट डब्यांना नाव ठेवण्यापेक्षा दहावा उचलून धरायचा. माझ्या नवऱ्याचा आकड्यांचा सोस इथे कामी आला. त्यानं खांबाखांबावरून कमावलेले सगळे गुण मुलगी आणि अण्णा मिळून वाटतात. सुतारबाबांच्या अठरा घरट्यांवर आमच्याकडून अठरा गेले होते.

अठरावं घरटं अजून आहे. डबा दत्तक देता येतो. सुतारबाबांनी तो द्यायचं ठरवलं आणि मुलीची पाण्याची बाटली आठवून आमच्याकडे विचारणा केली. किल्ल्या, सुटे चेंडू, तेलाची कुपी आणि जलरोधक कागदाच्या तीन वह्या असं सगळं त्यांनी एका पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून दिलं. जुनी भरलेली वही मात्र स्वतःकडे ठेवली. तीत अण्णांची दोन पानं आहेत. ती काय म्हणतात ते त्यांनी आमच्याकडून इंग्रजीत लिहून घेतलं आणि समासात टाचून ठेवलं.

आता येणारे संदेश आमच्याकडे येतात. परवा कुणीतरी अख्खी दोन पानं लिहिली होती, बाटली विसरल्यामुळे ओंजळीनं ओढ्यातलं पाणी कसं आणलं त्याबद्दल. त्याआधी ओळीनं पाच वेळा टीएफटीसी. नवरा मोजतो, मुलगी मोठ्यानं वाचते, डोंबिवलीला फोन लागला की अण्णा विचारतात, ‘वही भरली का?’ वही अर्धी भरली आहे. पेन्सिल मात्र दर महिन्याला कुणीतरी खिशात टाकून नेतं. त्यामुळे आमच्या गाडीत पुढच्या कप्प्यात आता पेन्सिलींचं एक अख्खं खोकं असतं आणि एक टोकयंत्र.